आकडा कोणाचा, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

तुझा पहिला स्तंभ वाचला. वाक्यं लहान आहेत, उगाच पांडित्य नाही, आणि मत द्यायला तू कचरत नाहीस हे मला सगळ्यात आवडलं. पण दुसऱ्याच परिच्छेदात ‘आयर्लंड हा जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक’ असं म्हणून तू दरडोई जीडीपीचा आकडा दिला आहेस आणि पुढचा सगळा लेख त्यावर उभा केला आहेस. तो आकडा खोटा नाही. सीएसओनेच, म्हणजे तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानेच, तो प्रसिद्ध केलेला आहे. तरीही तिथे राहणाऱ्या माणसाच्या खिशाबद्दल तो फारच थोडं सांगतो. डब्लिनमध्ये बसून अर्थव्यवस्थेवर लिहायचं तर ही गोष्ट सगळ्यांत आधी पक्की कर.

२०१५ चं वर्ष बघ. २०१६ च्या जुलैमध्ये सीएसओने जाहीर केलं की आदल्या वर्षी आयर्लंडची अर्थव्यवस्था २६ टक्क्यांनी वाढली. कुठल्याही विकसित देशात असं घडत नाही. झालं होतं ते एवढंच, की काही बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि सॉफ्टवेअरचे हक्क कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणले, आणि विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची मालमत्ताही आयरिश खात्यांत चढली. त्यावरचा नफा आयर्लंडच्या उत्पादनात धरला जाऊ लागला. शेजाऱ्याची पेन्शन तुमच्या पत्त्यावर येऊ लागली म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात जास्त धान्य येत नाही, तसंच हे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याला ‘लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स’ म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला, सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा बुटका. हे नाव जगभर गाजलं आणि आयरिश अधिकाऱ्यांना झोंबलं.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या देशाने आकडा झाकला नाही. मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला गेला आणि २०१७ पासून सीएसओ ‘सुधारित जीएनआय’, म्हणजे सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न, मोजू लागलं. बोलताना सगळे त्याला जीएनआय-स्टार म्हणतात. कंपन्यांच्या या कागदी हालचालींचा बराचसा भाग त्यातून वजा केलेला असतो. २०२३ मध्ये जीडीपी सुमारे ५१० अब्ज युरो होता आणि जीएनआय-स्टार २९० अब्जांच्या आसपास. देशाचं कर्ज पहिल्या आकड्याने भागलं तर ४३ टक्के, दुसऱ्याने भागलं तर ७५ टक्क्यांच्या पुढे. कर्ज तेच आहे. पण एका भागाकारात देश निवांत दिसतो आणि दुसऱ्यात सावध राहायला हवं असं दिसतं. कोणत्याही मंत्र्याचं किंवा कंपनीचं प्रेस रिलीज हातात आलं की टक्केवारीखाली कोणता आकडा धरला आहे ते आधी बघ. बहुतेक वेळा तुझी बातमी तिथेच सापडेल.

ॲपलच्या प्रकरणावर तू दोन ओळींत ‘सरकारची लाचारी’ असा शेरा मारला आहेस. तुझा राग मला समजतो. युरोपियन कमिशनने २०१६ मध्ये सांगितलं की आयर्लंडने १९९१ आणि २००७ मध्ये दिलेल्या करनिर्णयांमुळे ॲपलला बेकायदा सवलत मिळाली, आणि १३ अब्ज युरो वसूल करा. २०१४ मध्ये संबंधित कंपनीचा प्रत्यक्ष करदर ०.००५ टक्क्यांपर्यंत खाली आला होता, असं कमिशनचं म्हणणं. आणि ज्या देशाला हे पैसे मिळणार होते त्यानेच ॲपलच्या बाजूने अपील केलं! आठ वर्षं खटला चालला, मधे निकाल उलटला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आयर्लंडला ते पैसे घ्यायला लावले. व्याजासकट ती रक्कम १४ अब्जांच्या वर गेली होती.

माझं मत स्पष्ट आहे: ते करनिर्णय चुकीचे होते आणि ते अपील लोकांच्या पैशाने लढायला नको होतं. पण हे लिहिण्याआधी कॉर्कला जाऊन ये. ॲपल तिथे १९८० मध्ये आली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याच शहरातला डनलॉपचा टायरचा कारखाना बंद पडला आणि १९८४ मध्ये फोर्डचाही. ज्यांच्या घरातला कमावता माणूस त्या वर्षांत बेकार झाला, त्यांना ॲपलच्या हॉलीहिलच्या फाटकातून आत जाणारी माणसं कशी दिसत असतील? तिथल्या राज्यकर्त्यांच्या एका अख्ख्या पिढीच्या मनात कारखाने निघून जाण्याची ही भीती मुरलेली आहे. ती समजून घेऊन मग विरोध केलास तर वाचक तुझ्याबरोबर येईल.

या भीतीचं आजचं रूपही लिहिण्यासारखं आहे. कंपनीकराचा निम्म्याहून जास्त हिस्सा फक्त दहा कंपन्या भरतात. २०२४ पर्यंतच्या दहा वर्षांत हा कर ५ अब्जांच्या आतून २८ अब्जांवर गेला, तोही ॲपलचे पैसे न धरता. यातला काही पैसा ‘फ्यूचर आयर्लंड फंड’मध्ये बाजूला ठेवायला २०२४ पासून सुरुवात झाली, हे चांगलंच झालं. पण या उत्पन्नाच्या भरवशावर दरवर्षीचे कायमचे खर्च वाढवणं मला धोक्याचं वाटतं, आणि प्रत्येक ऑक्टोबरमध्ये अर्थसंकल्प आला की ते मी पुन्हा लिहितो. तूही लिही. कंटाळवाणं वाटलं तरी लिही.

आता घरं. आयर्लंडमध्ये रोज ज्यावर लिहावं असा एकच विषय निवडायचा झाला तर मी हा निवडेन. भाड्याच्या खोलीसाठी जिन्यावर लागलेली रांग तू पाहिली आहेस, त्यात उभाही राहिला आहेस. हातात पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या घरमालकाचं पत्र घेतलेली, तिशीतली, चांगल्या नोकरीची माणसं, आणि आत एजंट प्रत्येकाला दोन मिनिटं देतो. ते दृश्य लिही. पण त्याच्या जोडीला घरं मोजली कशी जातात तेही लिही, कारण त्या मोजण्यातच बराच घोळ झाला.

कित्येक वर्षं नवी घरं किती झाली हे आयर्लंडमध्ये विजेच्या जोडण्यांवरून ठरवलं जायचं. ईएसबी या वीज कंपनीने मीटर जोडला की एक घर पूर्ण, असा हिशेब. पण दोन वर्षांहून जास्त बंद असलेल्या जुन्या घराची वीज पुन्हा सुरू केली तरी ती नवी जोडणी धरली जायची. मंदीत अर्धवट राहिलेल्या वसाहतींमधली, आधीच बांधून झालेली घरं पुढे कधीतरी जोडली गेली, तीही मोजली गेली. शेतावरच्या शेडसुद्धा त्यात आल्या. २०१८ मध्ये सीएसओने आकड्यांची नवी मालिका काढली तेव्हा कळलं की आधीचे आकडे चांगलेच फुगलेले होते. ज्या वर्षांत टंचाई भयंकर वाढत होती, त्या वर्षांत सरकार आणि वर्तमानपत्रं तिच्याकडे फुगलेल्या आकड्यांतून बघत होती. माझ्या मते हे गेल्या पंधरा वर्षांतलं आयर्लंडचं सर्वांत महागात पडलेलं आकड्यांचं टेबल आहे.

नवी मालिका आल्यावर फसवणं अवघड झालं, पण थांबलं नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी सरकारमधले लोक सांगत राहिले की या वर्षी चाळीस हजारांच्या जवळ घरं होतील. जानेवारीत सीएसओचा आकडा आला: ३०,३३०. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षाही कमी. तोवर मतं पडून गेली होती. निवडणुकीच्या काळात तुझ्या डेस्कवर असं विधान आलं तर ‘मंत्री म्हणाले’ एवढ्यावर कॉपी सोडू नकोस. आदल्या तीन तिमाहींची बेरीज तेव्हाही उपलब्ध होती. ती बातमीच्या पहिल्या दोन परिच्छेदांत यायला हवी होती.

याच विषयाची एक बाजू आपल्या माणसांच्या जिवाशी येते. ‘बाहेरचे आले म्हणून घरं उरली नाहीत’ हे वाक्य तू बसमध्ये ऐकलं असशील. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्याकडच्या कित्येक घरांतून काळजीचे फोन गेले. याला उत्तर देताना नुसती भावना पुरणार नाही. २०१३ मध्ये अख्ख्या देशात पाच हजारांपेक्षा कमी नवी घरं झाली, हे लोकांसमोर ठेव. बिल्डर बुडाले, गवंडी आणि सुतार देश सोडून गेले, बँकांनी बांधकामाला कर्ज देणं थांबवलं. त्या वर्षांत न बांधलेल्या घरांची तूट आजची तरुण पिढी भरते आहे. रुग्णालयाच्या रात्रपाळीत उभी असलेली केरळची परिचारिकाही त्याच भाड्याने पिचलेली आहे. हे सांगणं बिझनेस डेस्कचं काम आहे, आणि माझ्या मते आजच्या घडीला ते सर्वांत निकडीचं आहे.

२००८ ची पडझड तुझ्या पिढीला इतिहास वाटते. नॉर्थ वॉल कीवर मध्यवर्ती बँकेची इमारत आहे ना, तिचा सांगाडा अँग्लो आयरिश बँकेच्या मुख्यालयासाठी उभा राहिला होता. अँग्लो बुडाली, जानेवारी २००९ मध्ये सरकारजमा झाली, आणि त्याच सांगाड्यात पुढे बँकांवर नजर ठेवणारा नियामक राहायला आला. २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंचं बचाव पॅकेज घ्यावं लागलं, आणि बँका वाचवायला सरकारने एकूण ६४ अब्ज घातले. नंतर पीटर नायबर्ग यांच्या चौकशी अहवालात कळपाने चालण्याच्या वृत्तीवर नेमकं बोट ठेवलं होतं. तो अहवाल मुळातून वाच. २०१५ मध्ये संसदेच्या बँकिंग चौकशीत वर्तमानपत्रांच्या संपादकांनाही बोलावलं गेलं, कारण तेजीच्या काळात घरांच्या जाहिरातींच्या जाडजूड पुरवण्यांवर त्यांचं उत्पन्न चालत होतं. आपल्या वर्तमानपत्राला पैसा कुठून येतो हे तुला माहीत असलंच पाहिजे. आणि सगळे अर्थतज्ज्ञ एकाच सुरात बोलू लागले की बाहेर पडलेला एकजण शोध, त्याला फोन कर.

सार्वजनिक खर्चाबद्दल थोडं. २०२४ मध्ये संसदेच्या, म्हणजे लेन्स्टर हाउसच्या, आवारातल्या सायकल शेडवर देश भडकला. ३६ सायकली राहतील अशी शेड, खर्च सुमारे ३ लाख ३६ हजार युरो, आणि भिंतीही नाहीत. त्यावर तू लिहिलेला तुकडा चांगला होता. पण त्याच शहरात राष्ट्रीय बालरुग्णालय उभं राहतंय. २०१७ मध्ये त्याला मंजूर झालेला खर्च ९८ कोटी युरो होता, २०२४ पर्यंत तो २२४ कोटींवर गेला. नुसत्या वाढीच्या पैशात तसल्या ३,७०० शेड झाल्या असत्या. लोक शेडवर चिडतात कारण ती डोळ्यांसमोर येते. अब्जांची रक्कम येत नाही. ती डोळ्यांसमोर आणायचं काम तुझं. काम कोणत्या टप्प्यावर, नकाशे किती तयार असताना कंत्राटात बांधलं गेलं, जादा दावे कोणी तपासले, हे एकेक करून खणून काढ. लोकलेखा समितीच्या बैठका पूर्ण बघ, फक्त संध्याकाळची क्लिप नको.

साधनं तिथे भरपूर आहेत, त्यांचा आळस करू नकोस. कंपनी नोंदणी कार्यालयातून कोणत्याही कंपनीचे हिशेब किरकोळ शुल्कात मिळतात. आधी हिशेबाला जोडलेल्या टिपा वाच, मग नफा. टिपांमध्ये कर्मचारी किती, पैसा कोणत्या देशातल्या मूळ कंपनीकडे गेला, हे असतं. मंत्र्यांना कोण कशासाठी भेटलं ते लॉबिंगच्या नोंदवहीत २०१५ पासून आहे. माहिती अधिकाराचा अर्ज फुकट करता येतो. बदनामीचा कायदा मात्र कडक आणि खर्चिक आहे, त्यामुळे कागद हातात आल्याशिवाय विशेषण वापरू नकोस.

आणि एक आपल्यातलं. महाराष्ट्रातून जो तो तुला लिओ वराडकरांबद्दल विचारणार, मालवणजवळच्या वराडचं नाव घेऊन. मलाही त्या नात्याचा अभिमान आहे, डॉक्टर अशोक वराडकरांचा मुलगा एका युरोपीय देशाचा दोनदा पंतप्रधान झाला ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यांच्या कारकिर्दीतल्या घरटंचाईचा हिशेब मांडताना वराडचा म्हणून सूट देऊ नकोस. मराठी वाचकाला तो हिशेब पेलतो.

आता हा स्तंभ पुन्हा लिही. घरविक्रीच्या किमतींची सरकारी नोंदवही जानेवारी २०१० पासूनची आहे, पत्त्यासकट. तू राहतोस ती एकच गल्ली घे. तिथे २०१२ च्या सुमाराला काय भावाने घरं गेली आणि गेल्या वर्षी काय भावाने, ते काढ. मग शेजारी विचार: कोणी घेतलं, कशातून घेतलं, कोण भाड्यानेच राहिलं. दरडोई जीडीपी हवा असेल तर सातव्या परिच्छेदात घे, आणि शेजारी जीएनआय-स्टार. आठशे शब्दांत बसव आणि शुक्रवारपर्यंत पाठव. शनिवारी सकाळी फोनवर ओळ न् ओळ बघू.

तुझा,
काका