कारण विचार, मग बंदी पाळ

पोरी,

गरोदरपणात काय खायचं नाही याच्या तुझ्या दोन्ही याद्या वाचल्या, सासूबाईंनी सांगितलेली आणि मोबाइलवरून उतरवून घेतलेली. पपई, अननस, तीळ, बाजरी, अंडी, शेवगा, मासे, सगळं बंद. मग चौथ्या महिन्यात तू जेवणार काय, नुसता वरणभात?

प्रत्येक बंदीला एकच प्रश्न विचार: यातलं नेमकं काय, किती खाल्ल्यावर, कोणत्या वाटेनं तुला किंवा बाळाला बाधतं? उत्तर मिळालं तर कडक पाळ. नाही मिळालं तर सोड.

पपईच घे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचं पाचक द्रव्य (एन्झाइम) असतं. उंदरांच्या गर्भाशयावरच्या प्रयोगांत त्या चिकानं आकुंचन झालं, पिकलेल्या पपईच्या रसानं झालं नाही. म्हणून कच्ची आणि अर्धकच्ची नको, पूर्ण पिकलेली खुशाल खा. अननसातलं ब्रोमेलेन, पपेनसारखंच द्रव्य, मुख्यतः खोडात असतं, चार फोडींनी काही होत नाही. तीळ, बाजरी, अंडी, शेवगा ‘उष्ण’ म्हणून काढलेस. अगं, तुझं लोह, कॅल्शियम आणि प्रथिनं त्यांतच आहेत! नुकसान नक्की, फायदा कुणालाच सांगता येत नाही, अशी ही बंदी आहे.

आता यादीत नसलेलं. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई होतो. एरवी बरी होणारी ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. इचलकरंजीत 2012 साली याच काविळीची साथ होती. म्हणून पाणीपुरीचं पाणी आणि रसवंतीतला बर्फ बाळंत होईपर्यंत बंद. इथे माझ्याशी वाद घालू नकोस, इथे कारण आहे.

तसंच निरशा दुधाचं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे दूध थंड ठेवून भागत नाही, उकळी आलीच पाहिजे. अंड्याचा बलक घट्ट हवा, मटण आतून लाल नको. मोरी (शार्क) नको, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खा. दारू, तंबाखू, मिश्री यांचं सुरक्षित प्रमाण नाही. शेजारणीनं दातांना ‘थोडीशी लाव’ म्हटलं तरी नाही.

चहा-कॉफी बंद करायची गरज नाही. दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहा, म्हणजे दोन-तीन कप चहा. पण वेळ सांभाळ. चहामुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून लोहाच्या गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी लोहासोबत कधीच नको, दोन तासांचं अंतर ठेव. लोह रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होईल, ते साहजिक आहे. ‘गोळीनं मूल काळं होतं’ म्हणून ती खिडकीबाहेर टाकणाऱ्या मुली आहेत आणि मग बाळंतपणात रक्त शोधत धावावं लागतं. याचा मला राग येतो आणि तो जाणार नाही.

‘कमी खा, मूल लहान म्हणजे सुटका सोपी’ हे तर ऐकूही नकोस. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे सुटका नव्हे. ‘दोन जिवांसाठी दुप्पट’ हेही खोटं. आता रोज साधारण 350 कॅलरी जास्त हव्यात: एक भाकरी, वाटीभर उसळ, पेलाभर दूध.

ग्रहणात घरात बसायचं असेल तर बस, त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण पाणी आणि जेवण सोडायचं नाही. तासन्‌तास उपाशी राहण्याचा परिणाम मात्र खरा असतो.

मला हेकट म्हणतात, उलट बोलायला शिकवते म्हणतात. मी उलट बोलायला नाही, विचारायला सांगते. सासूबाईंनाही विचार, पण नीट, ‘आई, हे का नको?’ असं. काही वेळा कारण निघतं: कच्च्या पपईबद्दल त्यांचंच बरोबर आहे. तिथे त्यांना तसं सांग, म्हणजे तिळाच्या चटणीवर त्या अडून बसणार नाहीत.

हिमोग्लोबिनचा आकडा कळव. 11 च्या खाली असेल तर गोळी एक की दोन, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून घे.