गोळी तीच, मग त्रास का वाढला?

मनाच्या आजारांवरच्या औषधांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. चौघांचा प्रश्न वेगळा असला तरी तीन पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. गोळीची ताकद कुणी वाढवली नव्हती, पण रक्तातलं औषधाचं प्रमाण मात्र बदललं होतं.

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे आहेत. बायपोलर आजारासाठी ११ वर्षं लिथियम घेतात, रोज ८०० मिलिग्रॅम. कधी त्रास झाला नाही. मे महिन्यात रक्तदाबाची गोळी सुरू झाली, मीठ कमी करायला सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणतात. दोन आठवडे हात इतके थरथरतात की बशीत चहा सांडतो. जुलाब होतात, चालताना तोल जातो. वयामुळे होत असेल का? (अकोला)

वयावर ढकलू नका. पुढचा डोस थांबवा आणि आजच त्यांना रुग्णालयात न्या. लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), सोडियम आणि पोटॅशियम या तपासण्या लगेच व्हायला हव्यात. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून न्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्या, दुकानातून आणलेली सुद्धा. बोलणं जड झालं, गोंधळल्यासारखे वागू लागले किंवा गुंगी आली तर वाटेत कुठेही न थांबता थेट अपघात विभाग गाठा.

लिथियमच्या औषधी आणि विषारी प्रमाणांत अंतर फार थोडं असतं. नेहमीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ठेवतात, वयस्कर माणसांत त्याहून थोडी कमी. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्यांत, विशेषतः वयस्करांत, ती त्याआधीही दिसतात. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये, माणूस कसा दिसतो तेही पाहावं.

लिथियम लघवीवाटे बाहेर पडतं आणि मूत्रपिंड त्याला बरंचसं सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही अडकतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत अशी चार कारणं एकाच महिन्यात एकत्र आली: अकोल्याचा मे महिना आणि घाम, अचानक तोडलेलं मीठ, डायक्लोफेनॅक आणि कदाचित रक्तदाबाची गोळी. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांनी लिथियमची पातळी चढते. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन असेल तर ती आणखी चढते. अ‍ॅम्लोडिपिनने सहसा तसं होत नाही, पण रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. लिथियम देणारे आणि रक्तदाब पाहणारे, अशा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. अशी बहुतेक प्रकरणं या एका गोष्टीने टळू शकतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक नको. दुकानदाराला ‘लिथियम चालू आहे’ एवढं आठवणीने सांगा, कारण गुडघेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यातलंच काहीतरी मिसळलेलं असतं.

निर्जळी एकादशी लिथियम घेणाऱ्याने करू नये. फराळाचा उपवास करायचाच असेल तर पाणी नेहमीइतकं आणि मीठही नेहमीइतकं. वारीत चालणाऱ्यांनी, उन्हात शेतात राबणाऱ्यांनी हेच पाळावं. जुलाब-उलट्या लागल्या तर डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दिवसाला पाच-सहा कप चहा-कॉफी पिणाऱ्याने ती एकदम सोडली तरीही पातळी चढते, हे फारसं कुणी सांगत नाही.

तपासणीबद्दल थोडं. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला रक्त आणि सकाळची गोळी त्यानंतर. गोळी घेऊन लगेच रक्त दिलं तर आकडा उगाच जास्त येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. (आत्ता विषबाधेची शंका आहे, त्यामुळे १२ तास थांबू नका.) हिरव्या बुचाच्या नळीत बरेचदा लिथियम हेपॅरिन असतं. रक्त त्या नळीत घेतलं तर अहवालात नळीतलंच लिथियम मोजलं जातं. डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी पातळी तपासावी. घडी बसल्यावर वयस्करांत दर तीन महिन्यांनी पातळी आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॅल्शियम तपासावं.

बारीक थरथर, तहान, लघवीला वारंवार जावं लागणं हे लिथियमबरोबर असू शकतं, त्याबद्दल नेहमीच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. थरथर जोराची झाली, त्यात जुलाब आणि झोक जाणं आलं, तर ते वेगळं.

प्रश्न : पुतण्याला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळून ताठ झाली, डोळे वर चढले. गावात लोक बाहेरचं म्हणतात. देवऋषीकडे न्यायचं चाललंय. (सांगली जिल्हा)

हा त्या औषधाचाच ओळखीचा त्रास आहे. मेंदूतलं डोपामिन हे रसायन एकदम अडवलं गेल्याने स्नायू आखडतात. तरुण मुलांत, पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत, तो जास्त दिसतो. माणूस शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं, म्हणून भीती जास्त वाटते. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सुटते. पुढचे काही दिवस ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळ्या देतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच न्या आणि इंजेक्शनचं नाव सांगा. जीभ वळली किंवा घशातून आवाज येऊ लागला तर एक मिनिटही दवडू नका. पुढच्या वेळी डॉक्टर औषध बदलतील किंवा सोबत हे उतारा-औषध देतील, म्हणून ही घटना केसपेपरवर लिहून घ्या.

प्रश्न : भाऊ ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया, क्लोझापिन ३०० मिलिग्रॅम. रोज बिडीचं एक बंडल ओढायचा. पाय मोडला म्हणून रुग्णालयात दाखल केलं, आठ दिवस बिडी नाही, तंबाखू मळून खातो. आता दिवसभर झोपतो, उशी लाळेने भिजते, पाच दिवस शौचाला झालं नाही. (नाशिक)

आधी पोटाचं बघा. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते आणि ते जिवावर बेतू शकतं. पोट फुगलं असेल, दुखत असेल, उलटी होत असेल तर वॉर्डातल्या डॉक्टरांना आत्ताच सांगा. तसं नसलं तरी आजच रेचक सुरू व्हायला हवं.

गुंगीचं कारण बहुतेक सुटलेली बिडी आहे. धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम जोमाने कामाला लावतात आणि क्लोझापिन भराभर मोडलं जातं. धूर थांबला की आठवडाभरात ते एन्झाइम सुस्तावतं. तोच डोस मग दीडपट, कधी दुप्पट भारी पडतो. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून मळलेली तंबाखू किंवा मिश्री चालू असली तरी उपयोग नाही. यावर उपाय बिडी परत देणं हा नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून डोस कमी करून घ्या. घरी गेल्यावर त्याने पुन्हा बिडी धरली तर तेही कळवा, नाहीतर डोस अपुरा पडून आवाज ऐकू येणं परत सुरू होईल. ओलांझापिनलाही हेच लागू आहे.

गडबडीत क्लोझापिन ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुना डोस एकदम देऊ नका, रक्तदाब कोसळू शकतो. १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. आणि ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी.

प्रश्न : एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आठ महिने घेतलं. बरं वाटलं म्हणून बंद केलं. तिसऱ्या दिवसापासून डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, गरगरतं. व्यसन लागलं का? (पुणे)

व्यसनात डोस वाढवत न्यावासा वाटतो, ओढ लागते. इथे तसं नाही. मेंदूने या नैराश्य-चिंतेवरच्या औषधाशी जुळवून घेतलेलं असतं आणि ते अचानक काढलं गेलं. आजार उलटतो तो बहुधा काही आठवड्यांनी आणि जुन्याच लक्षणांनी. तिसऱ्या दिवशीचे करंट हे औषध सुटल्याचे आहेत. डॉक्टरांशी बोलून गोळी परत सुरू केली की एक-दोन दिवसांत बहुधा थांबतात.

मग उतरवायचं हळूहळू: १० वरून ५, दोन ते चार आठवडे थांबून २.५, आणि त्रास झाला तर आधीच्या पायरीवर परत. शेवटच्या पायऱ्या लहान ठेवा, कारण मेंदूवरचा परिणाम डोसच्या सरळ प्रमाणात उतरत नाही. ५ मिलिग्रॅमलाही तो बराच असतो, खरी घसरण त्याखाली होते. एक दिवसाआड गोळी घेऊ नका, त्याने रक्तातली पातळी वर-खाली होत राहते.

आज एक गोष्ट मात्र तपासा. पाकीट उलटं करून औषधाचं नाव वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (शांत करणारं, झोप आणणारं औषध) एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते. दोन नावं दिसली तर उद्याची वाट न पाहता आजच डॉक्टरांना फोन करा, कारण आठ महिन्यांनी क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टर भेटत नसतील तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं.