लॅपटॉपच्या प्रोसेसरची पॉवर लिमिट वाढवली तर बेंचमार्कचा स्कोअर वाढतो का? किती ठेवावी?

तुमच्याकडे आय-सेव्हन १२७००एच आहे, सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरच्या चाचणीत यूट्यूबवर दाखवतात त्याच्या जवळपासही स्कोअर येत नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की थ्रॉटलस्टॉप टाक आणि पीएल१, पीएल२ दोन्ही ११५ करून मोकळा हो. (थ्रॉटलस्टॉप म्हणजे या लिमिट बदलायचा प्रोग्राम. पीएल१ म्हणजे प्रोसेसरला कायम किती वॉट ओढू द्यायचे ते, पीएल२ म्हणजे थोडा वेळ त्याहून जास्त किती ते.) शेवटी जाता जाता लिहिलंय की तुम्ही जळगाव जिल्ह्यात अमळनेरला राहता. भाऊ, उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे.

लिमिट वाढवायला माझी काहीच हरकत नाही. पण आडवी लिमिट येतेय की उष्णता, हे आधी बघा. थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘लिमिट्स’ नावाचं बटण आहे. ती खिडकी उघडी ठेवून सिनेबेंचची दहा मिनिटांची मल्टी-कोअर चाचणी लावा. एकच फेरी मारू नका. जो खण लाल होतो तो आत्ता प्रोसेसरला धरून ठेवतोय, पिवळा म्हणजे मघाशी धरलं होतं. पीएल१ लाल असेल तर लिमिट वाढवण्यात अर्थ आहे. थर्मल लाल असेल तर पीएल१ ११५ करा नाहीतर २०० करा, स्कोअर तसूभर हलणार नाही. ईडीपी लाल असेल तर ती करंटची मर्यादा असते, तिचा वॉटशी थेट संबंध नाही. आणि बीडी प्रोचॉट लाल झाला तर प्रोसेसरच्या बाहेरचं कुणीतरी त्याचा गळा आवळतंय. बहुतेक वेळा तो चार्जर असतो. बाजारातल्या स्वस्त चार्जरच्या जॅकमधली मधली बारीक पिन नीट ओळख देत नाही, मग लॅपटॉप त्याला अनोळखी समजतो आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, एक गिगाहर्ट्‌झच्याही खाली आणून ठेवतो.

आता अमळनेरचा हिशोब. १२७००एच ची कमाल तापमानमर्यादा १०० अंश. समजा तुमचा हीटसिंक आणि पंखे २५ अंशांच्या खोलीत ६० वॉट कायम ओढू शकतात. म्हणजे ७५ अंशांच्या फरकात ६० वॉट, दर वॉटला सव्वा अंश. हाच लॅपटॉप मे महिन्यात दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ठेवा. फरक उरला ५८ अंशांचा. ५८ ला सव्वाने भागा, ४६ वॉट येतात. बाकी काहीही न बदलता १४ वॉट गेले. भुसावळ-जळगावला बाहेर पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत काय होत असेल, ते तुम्हीच मोजा. यूट्यूबवाला एसीच्या खोलीत बसून आकडा दाखवतो, आणि आपण तो आकडा स्लायडरने गाठायला बघतो.

पीएल२ आणि टाऊ (पीएल२ किती वेळ चालेल ते ठरवणारा सेकंदांचा आकडा) यांबद्दल बहुतेकांचा समज चुकीचा आहे. ‘२८ सेकंद पीएल२ मिळतो, मग पीएल१’ असं सर्रास सांगतात. तसं नाही. प्रोसेसर विजेची चालती सरासरी काढतो, जुन्या क्षणांना कमी वजन देत. ती सरासरी पीएल१ ला टेकली की तो खाली येतो. पीएल१ ४५, पीएल२ ११५ आणि टाऊ २८ असेल, तर अगदी शांत बसलेल्या लॅपटॉपवर ११५ वॉट जेमतेम १४ सेकंद टिकतात. पीएल२ ९० केला तर १९ सेकंद. आधी काही जड काम चालू असेल तर त्याहून कमी. सिनेबेंच आर१५ सारखी जुनी चाचणी काही सेकंदांतच संपते, म्हणून तिथे पीएल२ वाढवला की आकडा झपकन वाढतो आणि सगळ्यांना वाटतं जादू झाली. दहा मिनिटांच्या चाचणीत त्या १४ सेकंदांना काही किंमत नाही. तिथे फक्त पीएल१ आणि हीटसिंक बोलतात.

इथे एक मशीन सविस्तर सांगतो, कारण तुमच्या लॅपटॉपमध्ये हेच असण्याची दाट शक्यता आहे. १०७५०एच चा लॅपटॉप, विद्यार्थ्याचा, घर जिनिंगच्या जवळ. पीएल१ कुणीतरी ९० वर नेऊन ठेवलेला. चाचणी लावली की दोन-तीन सेकंदांत १०० अंश, थर्मल सतत लाल, आणि थोड्या वेळाने पॅकेज पॉवर तिशीच्याही खाली. म्हणजे ९० ची परवानगी आणि ३० चीही ऐपत नाही. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती, कारण तिच्यावर बाहेरून ब्लोअर मारलेला होता. मागचं झाकण काढून पंखा उचलला तेव्हा पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या पात्या यांच्या मधल्या फटीत कापसाच्या तंतूंची आणि धुळीची सलग पट्टी, अगदी वाकळेच्या आतल्या थरासारखी दाबून बसलेली. चिमट्याने एका टोकाला धरली तर अख्खी निघाली. खान्देशात कापसाच्या हंगामात हा तंतू हवेत असतो, तो पंख्यातून सहज आत जातो आणि पात्यांवर अडकतो. बाहेरून हवा मारली की तो सुटत नाही, उलटा पंख्याकडे सरकतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. पंखा काढल्याशिवाय ही सफाई होत नाही. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

त्याच मशीनची प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्टही बघण्यासारखी होती. डायच्या (प्रोसेसरच्या सिलिकॉन चिपच्या) कडेला जाड रांग आणि मधोमध जवळजवळ उघडी चकाकी. लॅपटॉपची डाय उघडी असते, तिच्यावर झाकण नसतं. तापणं-थंड होणं रोज चालू राहिलं की पातळ पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते. म्हणून मी लॅपटॉपला साधी पेस्ट लावायच्या विरोधात आहे. हनीवेलची पीटीएम७९५० ही फेज-चेंज शीट डायच्या मापाची कापून लावा. ती साधारण ४५ अंशांना मऊ होते आणि जागा सोडत नाही. मऊ झाल्यावर हाताळता येत नाही, म्हणून कापण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची, दोन्ही बाजूंची फिल्म आठवणीने काढायची. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने आणि थोडे-थोडे आवळायचे. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर डायचा कोपरा तुटू शकतो. एवढं झाल्यावर त्या मशीनचा पीएल१ परत कंपनीच्या ४५ वर ठेवला, आणि तो पूर्ण ४५ वॉट दहा मिनिटं न धापा टाकता ओढू लागला. स्कोअर ९० च्या सेटिंगपेक्षा कितीतरी वर.

यावर नेहमी एक वाद होतो आणि तो इथे लिहून टाकतो. ‘कंपनी मुद्दाम प्रोसेसर बांधून ठेवते, महागडं मॉडेल खपावं म्हणून. सगळे आकडे कमाल कर, मशीन मोकळं होतं.’ हे सांगणारे लोक मग एक फेरी मारून आकडा दाखवतात आणि पैसे घेतात. मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बघा, बहुतेकांचं ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपली मे महिन्यातली दुपार त्या पत्रकाच्या बाहेरची आहे. म्हणजे कंपनीने बांधलेली लिमिटसुद्धा आपल्यासाठी सैलच आहे. तिला आणखी सैल करून हाती काय लागतं? १०० अंश गाठल्यावर काही लॅपटॉपांचा एम्बेडेड कंट्रोलर (पंखे आणि वीज सांभाळणारी बोर्डवरची चिप) घाबरून पीएल१ स्वतःच खूप खाली आणतो आणि थोडा वेळ तिथेच ठेवतो. क्लॉक मग वर-खाली डोलत राहतो. अशा मशीनवर लिमिट कमी केल्याने स्कोअर वाढतो, हे ज्याला खोटं वाटतं त्याने दहा मिनिटांची चाचणी दोन्ही सेटिंगवर लावून बघावी.

तर किती ठेवायची. आधी कंपनीच्या ॲपमधून परफॉर्मन्स मोड लावा, मूळ चार्जर जोडा, मागची बाजू इंचभर उचला. चाचणी दुपारी तीनला घ्या. रात्री अकराला घेतलेली सेटिंग दुपारी टिकत नाही. थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएल खिडकीत पीएल१ ४५, पीएल२ ७०, टर्बो टाइम लिमिट (म्हणजे टाऊ) २८, क्लॅम्पची खूण काढलेली. एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सीपीयू पॅकेज पॉवर आणि तापमान, दोन्ही शेवटच्या तीन मिनिटांचं बघा. सुरुवातीचं बघून काही कळत नाही, तांबं तापायला वेळ लागतो. तापमान ९० च्या आत असेल तर पीएल१ पाचने वाढवा, पुन्हा चाचणी. ९३-९५ ला पोचलं किंवा क्लॉक डोलायला लागला की पाच मागे या. तोच तुमचा पीएल१. पीएल२ त्याच्या सव्वा ते दीडपट पुरे. उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा आकडा वेगळा येईल, डिसेंबरात पुन्हा मोजा.

कधीकधी पीएल१ ६० लिहूनही वीज ४५ लाच अडते. कारण लिमिट दोन जागी असते, एक प्रोसेसरच्या एमएसआर रजिस्टरमध्ये आणि एक एमएमआयओ नावाच्या वेगळ्या जागी, आणि दोन्हींतली लहान ती खरी. इंटेलचं डायनॅमिक ट्यूनिंग हे सॉफ्टवेअर दुसऱ्या जागी गुपचूप लिहीत राहतं. टीपीएल खिडकीतला एमएमआयओ लॉक लावा. एकदा लावलेलं लॉक रीस्टार्ट केल्यावरच सुटतं, त्यामुळे आधी एमएमआयओची लिमिट बरोबर आहे ना ते बघा.

अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं, जमत असेल तर तो या सगळ्याहून मोठा फायदा. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत जाते. एक व्होल्टमधून ८० मिलिव्होल्ट कमी केले तर त्याच क्लॉकला सुमारे १५ टक्के वीज वाचते. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, आणि तेव्हापासून बहुतेक बायोसमध्ये ही सोय बंद आहे. तुमच्या १२७००एच वर थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर (व्होल्टेजच्या) खिडकीत लॉक्ड असं दिसण्याचीच शक्यता जास्त. आठव्या-नवव्या पिढीचं मशीन जुन्या बायोसवर असेल तर कोअर आणि कॅश दोन्हींना सारखाच आकडा द्या, उणे ५० पासून सुरू करून दहा-दहाने जा. विंडोजचं मेमरी इंटेग्रिटी चालू असेल तर तेही आड येतं. आणि ते बंद करणं म्हणजे सुरक्षा कमी करणं, ते समजून करा.

एएमडीच्या रायझनवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे एसटीएपीएम, फास्ट आणि स्लो अशा लिमिट असतात, रायझनएडीजे या प्रोग्रामने बदलतात, आकडा मिलिवॉटमध्ये, म्हणजे ४५ वॉटला ४५०००. लॅपटॉप झोपून उठला की सेटिंग उडते, पुन्हा लावावी लागते.

आता कूलर. वरचाच हिशोब घ्या. खोली ४२ वरून ३० वर आली तर ४६ चे ५६ वॉट होतात. दहा वॉट, एकही स्लायडर न हलवता. आपली मे महिन्यातली कोरडी हवा डेझर्ट कूलरला मानवते, तो इतका फरक सहज पाडतो. फक्त लॅपटॉप झोताच्या सरळ समोर ठेवू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, त्याचे तुषार आत गेले तर बोर्डवर पांढरे डाग पडतात आणि पुढे गंज. बाजूला बसा, खिडकी उघडी ठेवा. पाचशे-सातशेच्या कूलिंग पॅडवर पैसे घालू नका, मागे दोन जाड वह्या ठेवल्या तरी जवळपास तेवढंच काम होतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. झाकण उघडल्यावर वॉरंटीचं काय होतं ते तुमच्या कंपनीला विचारून घ्या. पीएल१ वाढला की प्रोसेसरशेजारचे व्हीआरएमही (त्याला वीज पुरवणारे भाग) तापतात, आणि त्यांचं तापमान बहुतेक लॅपटॉपमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून ९५ च्या खाली आहे म्हणजे सगळं ठीक असं नाही. बॅटरी फुगलेली वाटली, टचपॅड वर आलेला दिसला, तर चाचणी तिथेच थांबवा. पंधरा वॉटच्या पातळ लॅपटॉपवर यातलं बरंचसं करू नका. आणि सिंगल-कोअर स्कोअर पॉवर लिमिटने वाढत नाही, एका कोअरला ४५ वॉट लागतच नाहीत. तोही कमी येत असेल तर पॉवर प्लॅन, मागे चालणारे प्रोग्राम आणि चार्जर बघा.

आधी पंखा उघडून फट बघा, मग दुपारी चाचणी लावा. तरीही आकडा हलला नाही तर खाली लिहा: लिमिट्स खिडकीत कोणता खण लाल होता, शेवटच्या तीन मिनिटांत किती वॉट आणि किती अंश, आणि खोलीचं तापमान. नुसता स्कोअर लिहिला तर त्यावरून काही सांगता येणार नाही.