वाचकांचे प्रश्न : रीफ टँकमधला प्रवाह

प्रश्न : माझा तीन फुटी रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे (९० × ४५ × ४५ सेंमी). डाव्या काचेवर ताशी ८,००० लिटरचा एकच वेव्हमेकर (टँकमधलं पाणी ढवळणारा पंप) आहे, त्याचा वेग बदलता येत नाही. दगडांमागे लाल चिकट थर साचतो आणि समोरच्या हॅमर कोरलचं मांस एका बाजूने फाटत चाललंय. प्रवाह कमी पडतोय की जास्त होतोय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही, आणि एकाच वेळी. आधी हिशेब करू. काचेच्या मापाने टँक १८२ लिटरचा. पण वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा जाता पाणी उरतं साधारण १४० लिटर. म्हणजे तुमचा पंप तासाला ५७ पट पाणी ढकलतो. हॅमर, टॉर्चसारख्या मांसल कोरलना २० ते ३० पट पुरतं. झोअँथिड आणि मशरूम जातीची मऊ कोरल १० ते २० पटीतही छान फुलतात, ॲक्रोपोरा या कडक कोरलला मात्र ४०च्या पुढे लागतं. पण हे आकडे पंप विकत घेताना उपयोगी. कोरलला कळतं ते आपल्या अंगावर पाणी कसं येतंय एवढंच. तुमच्याकडे एकच धार सतत एकाच जागी आदळते. मांस खालच्या सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटतं आणि दगडांमागे पाणी जवळपास थांबलेलंच राहतं.

हा पंप काढा. त्याऐवजी ताशी ४,००० लिटरचे, वेग बदलता येणारे दोन वेव्हमेकर घ्या. एक डाव्या काचेवर, एक उजव्या. दोन्ही पाण्याच्या पातळीखाली ७-८ सेंमी. तोंडं कोरलकडे नकोत, पुढच्या काचेच्या मध्याकडे आणि किंचित वर वळवा. काचेवर आपटून धार फुटते आणि टँकभर विस्कळीत होऊन पसरते. कोरलला तीच मानवते. दोन्ही निम्म्या वेगावर ठेवले की २८ पट होतात. कंट्रोलर असेल तर दोघांना आलटूनपालटून चालवा, म्हणजे दिशा बदलत राहते.

दगड मागच्या काचेला टेकले असतील तर ५-६ सेंमी पुढे ओढा. तरी कोपऱ्यात पाणी हललंच नाही तर ताशी हजार-दीड हजार लिटरचा छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) मागच्या कोपऱ्यात तळाजवळ, काचेला समांतर लावा. तपासायला सोपा उपाय : गोठवलेल्या आर्टेमियाचं (बारीक कोळंबीसारखे जीव) चिमूटभर खाद्य पाण्यात विरघळवून सोडा आणि कण कुठे खाली बसतात ते पाहा. ते बसतात तिथेच गाळ साचतो.

लाल थर सायनोबॅक्टेरियाचा (शेवाळासारखे पसरणारे जिवाणू) आहे. तो पातळ नळीने सायफन करून ओढून काढा आणि तेवढंच नवं खारं पाणी भरा. नायट्रेट-फॉस्फेटही तपासा; ते बिघडलेले असतील तर नुसत्या प्रवाहाने तो जाणार नाही. वाळू उडायला लागली तर पंपाचं तोंड आणखी वर करा. साखरेसारखी बारीक वाळू असली की हा त्रास व्हायचाच, १-२ मिमी दाण्याची सहसा जागा सोडत नाही.

हॅमरची टोकं वाकून परत उभी राहत असतील तर प्रवाह बरोबर. सगळी एकाच बाजूला लोळलेली आणि कडेला पांढरा सांगाडा उघडा दिसत असेल तर कोरल त्याच दिवशी हलवा.

प्रश्न : सम्पमधून (टँकखालची फिल्टरची टाकी) पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या खोक्यावर ताशी ३,००० लिटर लिहिलंय, टँकमध्ये मात्र बरंच कमी पाणी येतं. मोठा पंप घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पपासून टँकच्या काठापर्यंत सव्वा मीटर चढ, त्यात दोन-तीन एल्बो (पाइपचे काटकोनी जोड), म्हटल्यावर निम्म्यावर येणं अगदी साहजिक. आउटलेटखाली १० लिटरची बादली धरा. ती २० सेकंदांत भरली तर ताशी १,८०० लिटर येतंय. दीडशे लिटरच्या टँकला हे भरपूर झालं, कारण रिटर्नचं काम पाणी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टरपर्यंत पोचवण्याचं. टँकमधल्या लाटा वेव्हमेकरने करायच्या. फारच कमी येत असेल तर आधी पाइप एक माप मोठा घाला आणि काटकोनी एल्बोंऐवजी लांब बेंड वापरा.

त्यापेक्षा दुसरी गोष्ट आजच बघा. पंप बंद करा. रिटर्नचं तोंड खोल बुडलेलं असेल तर पाणी उलटं सायफन होऊन सम्प भरून वाहील. तोंड पाण्याखाली जेमतेम २ सेंमी ठेवा, पातळीच्या किंचित खाली पाइपला ५ मिमीचं भोक पाडा आणि ते शेवाळ्याने बुजत नाही ना, हे दर आठवड्याला बघत जा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. गोगलगाईच्या एका पिल्लानेही तो उघडा राहतो.

प्रश्न : वेव्हमेकर हळूहळू मंदावलाय आणि कुरकुरतो. जळतोय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा चुना बसलाय. प्लग काढा, पुढची जाळी आणि इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) सोडवा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा-एक तास बुडवा. जुन्या टूथब्रशने शाफ्टचा खळगा घासा आणि गोड्या पाण्याने धुवा. हे दर दोन-तीन महिन्यांनी करा. सफाईनंतर पूर्ण वेग एकदम देऊ नका, कारण मंद पंपाला सरावलेल्या कोरलवर अचानक दुप्पट धार येते. कुरकुर तरीही राहिली तर शाफ्टला आधार देणारे बुश झिजलेत, ते बदला.

प्रश्न : वीज तीन-चार तास जाते. इन्व्हर्टरवर काय काय ठेवू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : एक वेव्हमेकर, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे. १०-१५ वॅटमध्ये ऑक्सिजनचं काम भागतं. हीटर आणि लाइट बंद. इन्व्हर्टर साइनवेव्हच घ्या. स्क्वेअरवेव्हवर एसी पंप घोंगावतात आणि तापतात. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंपही जवळ असू द्या.