दुसऱ्या अर्धांगवायूनंतर घरी जुनाच व्यायाम चालू ठेवावा का?

सासऱ्यांना दुसऱ्यांदा झटका आलाय, पहिल्या वेळी फिजिओनं लिहून दिलेला कागद घरात आहे, तोच व्यायाम पुन्हा सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. आम्ही नेमकं तेच केलं आणि बाबा न्हाणीच्या दारात पडले.

आमचं गोव्यात डिचोलीतलं घर जुनं, चिऱ्यांचं, दारोदारी उंबरा. पहिला झटका डाव्या अंगावर आला होता. तेव्हा शिकवलेलं सगळं उजव्या अंगाच्या भरवशावर: काठी उजव्या हातात, चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. दुसऱ्या झटक्यात उजवं अंगच गेलं. आता चांगला पाय कुठला? बाबांनी सवयीनं उजवा उचलला, डाव्याला भार पेलला नाही.

तेव्हा आधी नव्यानं तपासणी करून घ्या. ताकद, तोल, नजर, आणि सगळ्यांत आधी गिळणं. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाली की गिळणं बिघडायचा धोका वाढतो. आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात, पण पातळ निवळ आणि त्यात शितं, हेच अशा माणसाला अवघड. निवळ घशात पळते, शीत तोंडातच राहतं. ठसका लागला तर निदान कळतं. कधी तोही लागत नाही आणि अन्न फुप्फुसात जातं. आम्हांला स्पीच थेरपिस्टनं पेज वाटून दाट करायला सांगितली. भरवताना ताठ बसवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पलंगाच्या पायांखाली ठोकळे घातले, उंचावरून उठायला जोर कमी लागतो. उठबस पाचच वेळा, पण दिवसातून चारदा. एका दमात वीस केल्या की थकून तोल जातो. हातासाठी टेबलावर टॉवेल, त्यावर सोललेला नारळ, दोन्ही तळव्यांनी पुढे-मागे. रबरी चेंडू बाबा पोरखेळ म्हणून ढकलून द्यायचे. नारळ मात्र दोन्ही हातांनी कसाबसा कानाशी नेऊन पाणी आहे का बघू लागले! फिजिओ म्हणाली, हाच व्यायाम.

उठवताना दंडाला धरून ओढू नका. शेजाऱ्यांनी मायेनंच ओढलं, खांदा महिनाभर ठणकत होता. कमरेला पट्टा बांधून तो धरा. आणि सासरे विनोदावर रडू लागले तर घाबरू नका, तेही मेंदूच्या इजेमुळेच होतं. डॉक्टरांना सांगा, औषध असतं.

तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात गळणं नव्यानं दिसलं तर ‘जुनंच असेल’ म्हणू नका. दुसऱ्या वेळी तसं म्हणत आम्ही दोन तास घालवले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातच डिचोलीहून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठायचं असतं. लगेच 108 ला फोन करा.