रॅम मोकळी असताना लिनक्स स्वॅप का वापरतं? स्वॅप बंद करू का?

नका करू. स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायला डिस्कवर राखून ठेवलेली जागा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ३ जीबी रॅम मोकळी आणि तरी ६०० एमबी स्वॅप भरलेला, हे बघून तुम्ही दचकलात. पण नुसत्या त्या आकड्यावरून काही बिघडलंय असं होत नाही.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर असते, चवथ (गणेश चतुर्थी) आली की खाली उतरते. एरवी खाली जागा असली म्हणून ती कोणी उगाच उतरवत नाही. तुमचे ६०० एमबी तसेच. कधीतरी, बहुतेक ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे असताना, रॅमची ओढाताण झाली असणार. तेव्हा बराच वेळ कोणी न शिवलेली पेजेस कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्कवर टाकली. पुढे रॅम मोकळी झाली, पण मागणी आल्याशिवाय ती परत आणण्याचा खटाटोप तो करत नाही.

पेज म्हणजे मेमरीचा तुकडा, तुमच्या लॅपटॉपवर साधारणपणे ४ केबीचा. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की सगळी मेमरी आपलीच. त्याने वापरलेला पत्ता खऱ्या रॅममध्ये कुठे पडतो, हे प्रोसेसर पेज टेबलमध्ये बघतो. तिथे पेज हजर नसेल तर पेज फॉल्ट होतो, कर्नल ते डिस्कवरून आणतो आणि प्रोग्राम अडला होता तिथूनच पुढे जातो. त्याला याचा पत्ताही लागत नाही. युक्ती जुनी आहे. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकाने १९६२ साली मुख्य मेमरी आणि चुंबकी ड्रम मिळून एकच मोठी मेमरी असल्याचं भासवलं होतं.

आता लोक हमखास चुकतात ती जागा. प्रोग्रामचा कोड स्वॅपमध्ये जात नाही, कारण त्याची फाइल डिस्कवर आहेच. कर्नल तो रॅममधून सरळ टाकून देतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं मीठ माळ्यावर कोण चढवतं? पण घरचं लोणचं टाकता येत नाही. तुमचा सेव्ह न केलेला मजकूर, उघड्या टॅबमधला डेटा, यांची दुसरी प्रत कुठेच नसते. स्वॅप बंद केलात तर हा सगळा माल रॅममध्येच अडकतो, आणि टंचाई आली की कर्नल चालू प्रोग्रामचाच कोड टाकतो आणि पुन्हा पुन्हा वाचत बसतो. म्हणजे स्वॅप नसूनही डिस्कची घरघर चालूच!

हे मी स्वतःच्या हाताने करून बघितलंय. एका ऑफिसातल्या ४ जीबीच्या जुन्या मशीनवर ‘वेग वाढेल’ म्हणून स्वॅप बंद केला. महिनाअखेरीला हिशेब बघणाऱ्या ताईंची अर्धी भरलेली शीट डोळ्यांदेखत गायब झाली. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: मेमरी संपली, प्रोसेस मारली. ताईंना कर्नलचं नाव सांगून काय उपयोग, बोलणी मीच खाल्ली.

स्वॅप किती भरलाय यापेक्षा ये-जा किती चाललीय ते बघा. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) चालवा आणि ‘एसआय’ (si, स्वॅपमधून रॅममध्ये आलेलं), ‘एसओ’ (so, रॅममधून स्वॅपमध्ये गेलेलं) या दोन रकान्यांवर नजर ठेवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढे बहुतेक शून्यच दिसलं तर निवांत राहा. दोन्हीकडे मोठे आकडे सतत पळत असतील, तर मात्र कामापेक्षा पेजेसची ने-आणच जास्त चाललीय. फिरत्या हार्डडिस्कवर एकेका खेपेला काही मिलिसेकंद जातात, रॅमपेक्षा हजारो पटींनी जास्त. तेव्हा रॅम वाढवा किंवा टॅब कमी करा.

‘स्वॅपिनेस’ या कर्नलच्या सेटिंगची ६० ही नेहमीची किंमत बघून ‘६० टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू’ असं सांगणारे भेटतील. तसं नाही. रॅम मोकळी करताना लोणचं हलवायचं की मीठ, याचा कल तेवढा त्यातून ठरतो. आणि लॅपटॉप हायबरनेट करत असाल (म्हणजे चालू काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद करत असाल) तर रॅममधला मजकूर स्वॅपमध्येच उतरतो, त्यामुळे स्वॅपचा आकार कमी करण्याआधी तेही बघून घ्या.