सरासरीवर भिस्त नको

अरे, सर्व्हरच्या सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरच्या वापराची, सरासरी ४० टक्के दिसली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. त्यात रात्रीचा शुकशुकाटही धरलेला असतो. मीही असाच फसलोय. पगाराच्या दिवशी अकरा वाजता पणजीच्या ऑफिसात फोन खणखणत होते आणि माझा आलेख मात्र हिरवागार! पाच-पाच मिनिटांचे आकडे काढले तेव्हा कळलं, डिस्क दीड तास ९० टक्क्यांहून जास्त व्यस्त होती.

आपली गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट आठव. बोट अर्धी रिकामी असली की स्कूटर सरळ आत. गर्दीच्या वेळी चार गाड्या वाढल्या तरी रांग रस्त्यावर येते. सर्व्हरचंही तसंच. कामं अनियमित येत असतील तर साध्या एका रांगेचं गणित असं: १० मिलिसेकंदांच्या कामाला ५० टक्के भारावर रांगेतलं थांबणं धरून सरासरी २० लागतात, ८० वर ५०, ९० वर थेट १००. म्हणून ७० ओलांडायच्या आतच नव्या सर्व्हरच्या खरेदीची फाईल हलव. मंजुरीला किती महिने जातात ते कळेलच तुला.

आणि पुढच्या वर्षाचा अंदाज नुसत्या सीपीयूच्या आलेखावरून बांधू नको. अकाउंट्सवाल्यांकडे जा, चहा पी, चतुर्थीच्या आधी किती बिलं निघतात ते विचार. एका बिलामागे सीपीयूचे किती सेकंद जातात, ते आजच मोजून ठेव.